आपले सांधे : रचना, हालचाल आणि निगा

(सांगवी येथे पालक, कामगार बंधू व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या बेचक्यात आपली सांगवी वसलेली आहे. सकाळ झाली की येथून माणसे पिंपरीला, चिंचवडला, भोसरीला आणि अलीकडे चाकणपर्यंत कामाला जातात. त्यामुळे बेअरिंग, बुश, बिजागरी, ग्रीस हे शब्द आपल्या घरोघरी बायकामुलांनाही माहीत आहेत. चिंचवडला तर बेअरिंगचा कारखानाच १९६० च्या दशकात उभा राहिला. चांगला फिटर यंत्राचा नुसता आवाज ऐकून सांगतो की, बेअरिंग गेले. परंतु त्याच फिटरचा स्वतःचा खांदा आखडला, तर तो सहा-सहा महिने तेल चोळीत बसतो. यंत्राची जेवढी माहिती आपण ठेवतो, तेवढी शरीराची ठेवीत नाही. म्हणून आज मी शरीरातल्या बेअरिंगांविषयी, म्हणजे सांध्यांविषयी बोलणार आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. यंत्राचे बेअरिंग आणि शरीराचा सांधा यांत साम्य पुष्कळ आहे. पण एक फरक असा आहे की, तो ज्याला समजला त्याचे निम्मे दुखणे टळले. बेअरिंग चालून चालून झिजते. सांधा मात्र न चालल्याने बिघडतो. बेताबाहेरचा भार त्याला सोसत नाही हे खरे. पण त्याला स्वस्थ ठेवले तर तो उपाशी राहतो. तो उपाशी कसा राहतो, हे पुढे पाहू.

सांध्यांचे प्रकार

दोन किंवा अधिक हाडे जेथे एकमेकांना भेटतात त्या जागेला सांधा म्हणतात. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. नवजात बालकात ती तीनशेच्या आसपास असतात. वाढत्या वयात त्यांतली काही एकमेकांशी जुळून एक होतात. सांध्यांचा अभ्यास फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत २१० सांधे मोजले असून त्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतली काही नावे घरातल्या वस्तूंवरून घेतलेली आहेत. उखळासारखा तो उलूखल आणि कापडाच्या शिवणीसारखा तो तुन्नसेवनी. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास स्पेनमधील कुर्तुबा येथे अबुल कासिम अल्-जहरावी या थोर शल्यवैद्याने आपला ‘अत्-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शल्यक्रियेच्या अखेरच्या भागात मोडलेली हाडे व निखळलेले सांधे बसविण्याची माहिती आहे. म्हणजे ही विद्या कोणा एका देशाची किंवा एका समाजाची नाही.

आजचे शास्त्र हालचालीच्या दृष्टीने सांध्यांचे तीन वर्ग करते. पहिला वर्ग अचल सांध्यांचा. कवटीची हाडे करवतीच्या दात्यांप्रमाणे एकमेकांत अडकलेली असतात. ती हलत नाहीत. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर जी मऊ टाळू लागते, ती म्हणजे हे सांधे अद्याप जुळलेले नसल्याची खूण. पुढची टाळू साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरते. दुसरा वर्ग अल्पचल सांध्यांचा. पाठीच्या कण्यातील मणके एकमेकांना गादीने जोडलेले असतात. दोन मणक्यांमध्ये हालचाल थोडीच होते. पण सर्व मणके मिळून माणूस वाकून जमिनीला हात लावू शकतो.

तिसरा वर्ग चल सांध्यांचा. आपण व्यवहारात सांधा म्हणतो तो हाच. याचे मुख्य प्रकार असे. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. एका हाडाचा गोल गोळा दुसऱ्या हाडाच्या खोलगट वाटीत बसतो आणि सर्व दिशांना फिरतो. कोपर आणि बोटांची पेरे हे बिजागरीचे सांधे. दाराप्रमाणे एकाच दिशेने उघडतात व मिटतात. गुडघाही मुख्यतः बिजागरीचाच. पण वाकलेला असताना तो किंचित वळतोसुद्धा. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांत खुंटीचा सांधा आहे. दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती पहिला मणका फिरतो, म्हणून आपण मान डावी-उजवीकडे वळवू शकतो. अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा आहे. त्यामुळे अंगठा प्रत्येक बोटासमोर येतो आणि माणूस सुई, लेखणी व पाना धरू शकतो. मनगट व पाऊल यांतील लहान हाडांमध्ये सरकते सांधे असतात.

येथे निसर्गाचा एक हिशोब लक्षात घेण्यासारखा आहे. खांद्याची वाटी उथळ, म्हणून खांदा सर्वांत जास्त फिरतो. आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांमध्ये तोच सर्वांत जास्त वेळा निखळतो. खुब्याची वाटी खोल. तो कमी फिरतो, पण साऱ्या देहाचा भार पेलतो. जेथे मोकळीक अधिक तेथे मजबुती कमी, हा नियम यंत्रालाही लागू आहे आणि शरीरालाही.

आतली रचना

आता चल सांधा उघडून पाहिला तर आत काय दिसेल? हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरट अस्तर असते. त्याला कूर्चा म्हणतात. गुडघ्यात तिची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर असते. सांध्याभोवती मजबूत पिशवीसारखे वेष्टन असते आणि त्याच्या आतल्या पातळ पडद्यातून वंगणाचा द्रव पाझरतो. हा द्रव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत असतो. निरोगी गुडघ्यात तो चहाचा एक चमचाभरसुद्धा नसतो. पण एवढ्याशा वंगणावर सांधा इतका हलका फिरतो की, त्यातले घर्षण बर्फावर बर्फ घासल्यापेक्षाही कमी भरते. वेष्टनाला बाहेरून व आतून बळकटी देणारे दोरखंड म्हणजे अस्थिबंध. ते हाडाला हाड बांधतात. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या म्हणजे कंडरा. गुडघ्यात याखेरीज चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्या धक्के सोसतात.

आता तो फरक पाहू. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. हाडाला रक्त मिळते, स्नायूला मिळते, कूर्चेला मिळत नाही. मग ती जगते कशावर? त्या चमचाभर द्रवावर. कूर्चा ही पाण्याने भरलेल्या स्पंजासारखी असते. पाऊल टाकले की ती दबते आणि आतला द्रव बाहेर पडतो. पाऊल उचलले की ती फुगते आणि पोषण घेऊन ताजा द्रव आत शिरतो. म्हणजे प्रत्येक पाऊल हा कूर्चेचा घास आहे. चालणे बंद झाले की तिचे जेवण बंद झाले. शिवाय कूर्चेत मज्जातंतूही नसतात. त्यामुळे ती झिजू लागते तेव्हा स्वतः ओरडत नाही. दुखू लागते ते भोवतालची हाडे व पडदे त्रासल्यावर, म्हणजे बरेच उशिरा. आणि रक्त नसल्यामुळे कातडीची जखम भरते तशी कूर्चेची जखम सहसा भरून येत नाही.

“डॉक्टर, गुडघ्यातले वंगण संपले,” असे पुष्कळजण म्हणतात. पण वंगण संपत नसते; सूज आली म्हणजे ते उलट वाढते आणि गुडघ्यात पाणी झाले असे आपण म्हणतो. झिजते ती कूर्चा. म्हणून वंगण वाढविण्याचे आश्वासन देणाऱ्या तेलांवर व पुड्यांवर पैसे घालण्यापूर्वी विचार करावा. वरून चोळलेले तेल सांध्याच्या आत जाऊन वंगण होत नाही. चोळल्याने बरे वाटते ते ऊब व स्नायूंचा ताण कमी झाल्यामुळे.

हालचाली

सांध्याच्या हालचालींना शास्त्रात नावे आहेत : वाकविणे, सरळ करणे, शरीरापासून दूर नेणे, जवळ आणणे आणि फिरविणे. ही पाठ करीत बसण्यापेक्षा आपल्या रोजच्या व्यवहारात पाहावीत. स्क्रू पिळताना कोपराच्या खालची दोन हाडे एकमेकांवर फिरतात. भाकरी थापताना मनगट व खांदा यांचे काम चालते. नमाजमध्ये कयामला खुबा व गुडघा सरळ असतात, रुकूत खुबा वाकतो, सजद्यात गुडघा, घोटा आणि पायाची बोटे वाकतात, आणि सलाम फेरताना मानेचा तो खुंटीचा सांधा दोन्ही बाजूंना फिरतो. मान वळविण्याची जवळजवळ निम्मी क्रिया एकट्या या सांध्यात होते. पाटावर मांडी घालून जेवणे, अंगणात उकिडवे बसणे, या सवयींनी आपल्याकडे गुडघा व खुबा यांची वाकण्याची शक्ती उतारवयापर्यंत टिकते.

ज्याचे गुडघे निरोगी आहेत त्याने ही बैठक सोडू नये. ज्याचे गुडघे झिजले आहेत त्याने मात्र हट्टाने उकिडवे बसू नये. आजारी माणसाला बसून किंवा खुर्चीवर नमाज अदा करण्याची सवलत आहेच. फक्त खुर्चीवर बसणे म्हणजे सारी हालचाल सोडणे नव्हे. अशा माणसाने बाकीच्या वेळी सपाट रस्त्याने चालणे चालू ठेवावे.

सांध्यांचे विकार

सांधे बिघडण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. सर्व दुखण्यांना “वात” म्हणून एकाच गाठोड्यात बांधल्याने फार नुकसान होते. म्हणून मुख्य विकार वेगवेगळे सांगतो.

पहिला, इजा. पाय मुरगळला म्हणजे अस्थिबंध ताणला किंवा तुटला. कबड्डी खेळताना गुडघा पिळवटला, आत काही तुटल्याचा आवाज झाला आणि थोड्याच तासांत गुडघा सुजला, तर आतला फुलीच्या आकाराचा अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी. सांधा निखळला तर तो ओढून बसविण्याचा प्रयोग घरी करू नये. मुलाच्या कोपराला इजा झाली असता जोराने मालीश केल्यास सांध्याभोवतीच्या स्नायूंत हाड धरते आणि कोपर कायमचे कडक होते. कामट्या लावून घट्ट पट्टी बांधल्याने रक्तप्रवाह थांबून हात लुळा झाल्याचीही उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. पाच वर्षांखालील मुलाला एका हाताला धरून हिसक्याने उचलू नये; त्याच्या कोपरातले लहान हाड जागेवरून सरकते.

दुसरा, झिजेचा संधिवात. हा बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर येतो, गुडघ्यात जास्त, आणि स्त्रियांत अधिक. जिना चढ-उतरताना दुखते, सकाळी थोडा वेळ गुडघे धरतात, पुढे पाय बाहेरच्या बाजूला वाकू लागतात. वाढलेले वजन, जुनी इजा, ओझे घेऊन वारंवार उकिडवे बसण्याचे काम ही त्याची मोठी कारणे. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर देहाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. एक किलो वजन उतरविले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, असे मोजमाप करून दाखविलेले आहे. याहून स्वस्त औषध दुसरे नाही.

तिसरा, रूमॅटॉइड संधिवात. आपल्याकडे त्याला बहुधा आमवात म्हणतात. हा झिजेचा विकार नव्हे. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून सांध्यांच्या आतल्या पडद्यावर हल्ला करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दोन ते तीन पट अधिक होतो आणि ऐन तिशीतही होतो. दोन्ही हातांची लहान पेरे व मनगटे सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर किंवा अधिक वेळ मूठ वळत नाही. बाई कणीक मळू शकत नाही, बाटलीचे झाकण उघडू शकत नाही. घरातली माणसे म्हणतात, थकवा असेल. लग्नाची मुलगी असेल तर दुखणे लपविले जाते. वाचकहो, या लपविण्याची किंमत फार मोठी आहे. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर हात वाचतात. वर्ष-दोन वर्षे गेली तर बोटे वाकडी होतात आणि ती औषधाने सरळ होत नाहीत. मेथोट्रेक्झेट हे यावरचे मुख्य औषध महाग नाही. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली रक्त तपासून घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते. त्या काळात गर्भधारणा होता कामा नये, म्हणून विवाहित स्त्रीने डॉक्टरांना आधीच सांगावे.

चौथा विकार तरुण पुरुषांचा. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर पहाटे दुखते, झोपून राहिल्यास वाढते आणि हिंडल्या-फिरल्यावर कमी होते. कामाच्या कंबरदुखीची तऱ्हा उलटी असते. ती विश्रांतीने कमी होते. पहाटेचे हे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले तर कण्याच्या संधिवाताची तपासणी करावी. दुर्लक्ष केल्यास मणके एकमेकांना चिकटून पाठ बांबूसारखी ताठ होते.

याखेरीज आणखी काही. रात्री एकाएकी पायाचा अंगठा लाल होऊन ठणकू लागला, तर रक्तातील युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचले असण्याचा संभव असतो. मधुमेही माणसाचा खांदा पुष्कळदा आखडतो. शर्ट घालता येत नाही, मागे हात जात नाही. महाराष्ट्रात २००६ साली आणि पुण्यात २०२४ साली चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा ताप गेल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्महिने धरून राहिले. क्षयरोग फक्त छातीचा नसतो. तो खुब्याला, गुडघ्याला व मणक्यालाही होतो. एकच सांधा हळूहळू सुजला, वजन घटले आणि संध्याकाळी कणकण येऊ लागली, तर तपासणी टाळू नये. सांगवी फाट्याजवळच औंधचे जिल्हा रुग्णालय व उरो रुग्णालय आहे, आणि क्षयरोगाची औषधे सरकारकडून मोफत मिळतात. लहान मुलाला ताप आहे, एक सांधा गरम व सुजलेला आहे आणि मूल पाय हलवू देत नाही, तर सकाळची वाट पाहू नये. सांध्यात पू झाला असेल तर काही दिवसांतच कूर्चा नष्ट होते.

एक इशारा मोठ्याने देतो. काही पुड्या व काळ्या-पांढऱ्या गोळ्या घेतल्याबरोबर माणूस पळू लागतो. नाव व घटक न लिहिलेल्या अशा औषधांत बरेचदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने चेहरा सुजतो, रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि कधी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा थांबून तो खचतो. ते घेत असल्यास एकाएकी बंदही करू नये. डॉक्टरांना दाखवून कमी करावे. वेदनाशामक गोळ्याही मनाने रोज घेतल्या तर जठर व मूत्रपिंड बिघडतात.

सांधा बदलणे

झीज पराकोटीला गेली तर सांधा बदलता येतो. खुब्याचा आधुनिक कृत्रिम सांधा इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात डॉ. जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली यशस्वी केला. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली होती. ती थोड्याच वर्षांत झिजली. मग एक विक्रेता कापडाच्या मागांच्या दातेरी चक्रांसाठी वापरले जाणारे पॉलिथिलीन घेऊन आला. चार्न्लींनी त्याची वाटी करून पाहिली आणि ती टिकली. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना हे ऐकून नवल वाटेल. आपल्या पुण्यात डॉ. कांतीलाल संचेती यांनी १९६५ साली रुग्णालय काढले आणि पुढे ‘इंडस’ नावाचा कमी खर्चाचा कृत्रिम गुडघा तयार केला. २०१२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना मर्यादा घातली, त्यामुळे तो सामान्य माणसाच्या थोडा जवळ आला. परंतु उत्तम पोलादमिश्रधातूचा सांधासुद्धा स्वतःची दुरुस्ती करीत नाही. आणि तो बसविल्यावरही पहिल्या एक-दोन दिवसांतच रुग्णाला उभे करून चालवितात. कृत्रिम सांध्याभोवतीचे स्नायूही चालल्याशिवाय कामाला लागत नाहीत.

निगा

शेवटी, आजपासून करता येण्यासारख्या गोष्टी. रोज अर्धा तास चालावे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, मांडीचा स्नायू आवळून दहा अंक मोजावेत आणि पाय खाली आणावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट असले तर गुडघ्याचा भार ते वाटून घेतात. कारखान्यात ओझे उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकावे आणि ओझे अंगाजवळ धरावे. एकाच स्थितीत तासन् तास उभे राहणाऱ्याने व बसणाऱ्यानेही अधूनमधून सांधे हलवावेत. प्लास्टर काढल्यावर सांगितलेला व्यायाम चुकवू नये. हाड जुळते, पण सांधा आखडून राहतो, आणि त्या आखडण्यानेच पुष्कळांची नोकरी जाते. विद्यार्थी मित्रांनो, बोटे मोडण्याने संधिवात होतो असे तुम्हाला सांगितले असेल. तो आवाज द्रवातल्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. त्याने संधिवात होत असल्याचा पुरावा नाही. मैदान सोडून दिवसभर मोबाइलवर मान वाकवून बसण्याची काळजी मात्र जरूर करा.

आणि घरातल्या कर्त्या पुरुषांना एक विनंती आहे. यंत्राचा आवाज बदलला की तुम्ही ते थांबवून पाहता. घरातली आई, बहीण किंवा पत्नी सकाळी भिंतीला धरून उठत असेल, तिला मूठ वळविता येत नसेल, तर तिला विचारा आणि याच आठवड्यात दवाखान्यात घेऊन जा. बाई आपणहून सांगत नाही. तिचे काम बंद पडत नाही म्हणून तिचे दुखणे कोणाला दिसत नाही. रूमॅटॉइड संधिवातात पहिले सहा महिने सर्वांत मोलाचे असतात, आणि ते बहुधा या न विचारण्यातच जातात.